बग होता रे, आईशप्पथ!

'फॉलआउट'मधलं पाणी दीडशे दिवसांत संपायचं. आमची लाइट त्याच्या कितीतरी आधी जायची. जुन्या रोल-प्लेइंग गेम्समधले बग, डिझाइनचे वैताग आणि लातूरच्या रूमवर मारलेली एक थाप...

सोमवारची सकाळ. कॉफी मशीनपाशी आमची गँग जमलेली. विषय अर्थातच, वीकेन्डला काय बघितलं? २०२४ च्या एप्रिलमध्ये प्राइमवर 'फॉलआउट' आली, तेव्हाची गोष्ट. अणुयुद्धानंतरचं भकास जग, जमिनीखालचे व्हॉल्ट, निळ्या-पिवळ्या सूटमधली हिरॉइन... सगळे जाम फिदा! त्यात व्हॉल्टमधल्या पाण्याच्या चिपचा विषय निघाला आणि मी बोलून गेलो, "ही चिप मी शोधलीये. लातूरला असताना."

टीममधल्या फ्रेशरने माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू पानिपताहून परत आलोय.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचा आणि डेव्हलपर 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणाला की तोंडावर हसू ठेवायचं, याचा मला पगार मिळतो. हे सगळं हिंजवडीत एसीत बसून. पण माझं खरं ट्रेनिंग झालं ते नांदेड आणि लातूरला, फुल्ल उकाड्यात, एका खडखडणाऱ्या सीपीयूसमोर.

२००४ साली दहावी झाली आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांबरोबर माझीही रवानगी लातूरला झाली. लातूर पॅटर्नचा फंडा नव्याने सांगायला नको. लाल डब्यात ट्रंक, गादी आणि आईने दिलेला लाडूंचा डबा टाकायचा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं आणि दोन वर्षं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोच्या स्वाधीन व्हायचं. ट्यूशन एरियाच्या जवळ दहा बाय दहाची रूम. पार्टनर औशाचा. घर वीस किलोमीटरवर, पण जाण्यायेण्यात अभ्यास बुडतो म्हणून पठ्ठ्याला रूमवर ठेवलेला. त्याच्या दादाने नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुना आमच्या रूमवर आला. कारण? सीईटीच्या सीड्या बघायला. (आई-वडिलांना गंडवायची ही आयडिया कोणी काढली, त्याचा गंजगोलाईत पुतळा उभारायला हवा.)

मशीन पेंटियम टू, रॅम ६४ एमबी. नवीन गेम टाकला की ते आचके द्यायचं. म्हणजे आमच्या नशिबी जुनेच गेम. ते यायचे नांदेडहून, पन्नास रुपयाला एक सीडी, वर स्केच पेनने लिहिलेलं नाव. मॅन्युअल नाही, खोका नाही. आणि जागा वाचवण्यासाठी कोणीतरी व्हिडिओ, म्युझिक सगळं कापून टाकलेलं. सिनेमाची सुरुवातीची दोन रिळं पळवून नेल्यावर जसं होईल, तसं.

त्यातच आला 'फॉलआउट'. १९९७ चा, इंटरप्ले कंपनीचा.

तो आकडा म्हणजे स्कोअर नव्हे!

गोष्ट सोपी आहे. तुम्ही व्हॉल्ट १३ मध्ये राहता. पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलीये. बाहेरच्या वाळवंटात जाऊन नवी चिप आणायची आणि त्यासाठी दिवस आहेत फक्त १५०. हे सगळं व्हॉल्टचा प्रमुख सुरुवातीच्या व्हिडिओत सांगतो. आमच्या सीडीत तो व्हिडिओच नव्हता! हातावरच्या पिपबॉय नावाच्या यंत्रात दिवसांचा आकडा दिसायचा, तो आम्हाला स्कोअर वाटला. तो कमी का होतोय, हे कळेना. पार्टनरचं म्हणणं, आपण वाईट खेळतोय म्हणून. मग जखम भरायला आरामात आठ-आठ दिवस झोपायचं, नकाशावर इकडून तिकडे भटकायचं... आणि एक दिवस गेम ओव्हर. व्हॉल्टमधले सगळे तहानेने मेले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. "बग हाय बे हा," पार्टनर म्हणाला.

बग नव्हता. डिझाइन होतं. आमच्या धंद्यात अशा तक्रारीवर 'वर्क्स ॲज डिझाइन्ड' असा शिक्का मारून ती बंद करतात. पण वैताग हा, की एकदा तुम्ही दिवस उधळले आणि त्यानंतर सेव्ह केलं, की तो सेव्ह म्हणजे चालतं-फिरतं प्रेत. गेम तुम्हाला खेळू देतो, पोरी-पोरांशी गप्पा मारू देतो, बंदुका विकत घेऊ देतो... फक्त जिंकू देत नाही. आणि तसं सांगतही नाही. चिप सापडली तरी सुटका नव्हतीच. मूळ आवृत्तीत पुढच्या कामालाही एकूण ५०० दिवसांची मर्यादा होती. लोकांनी इतकी बोंब मारली, की पॅच काढून ती १३ वर्षांवर नेली. तो पॅच लातूरच्या सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणायचा विचारही आम्ही केला नाही, कारण पॅच नावाची गोष्ट असते हेच ठाऊक नव्हतं.

एक पळवाट होती. हब नावाच्या शहरातल्या पाणीवाल्या व्यापाऱ्यांना दोन हजार मोजले, की ते व्हॉल्टला पाण्याचे तांडे पाठवायचे आणि शंभर दिवस वाढायचे. मात्र तांड्यांच्या ये-जा करण्याने व्हॉल्टचा पत्ता शत्रूला लवकर लागायचा. आणि खरी चिप जिथे होती, त्या गावात मूळचे रहिवासी होते. त्यांचा पाण्याचा पंप दुरुस्त न करता चिप उचलून नेली, की ते तहानेने मरायचे. सोळाव्या वर्षी मी बिनधास्त उचलून नेली होती. मागे काय झालं, ते बघायलाही गेलो नाही.

आता खरे बग. गेममध्ये इयन नावाचा सोबती मिळतो. त्याच्या हातात मशीनगन दिली, की तो शत्रूवर फैर झाडतो. मध्ये तुम्ही असलात तरी. पाठीत गोळ्या खाऊन मी जितक्यांदा मेलोय, तितक्यांदा शत्रूच्या हातूनही नाही. बरं, दिलेली बंदूक परत मागायची सोयच नाही! एक तर त्याच्याशी सौदा करायचा, नाहीतर आपल्याच माणसाचा खिसा मारायचा. सगळ्यात भारी म्हणजे हा बाबा दारात उभा राहिला, की संपलं. खोलीला एकच दार, त्यात इयन. 'बाजूला हो' म्हणायची सोय नाही. सोबती ही भानगड गेममध्ये उशिरा, स्क्रिप्टच्या जुगाडाने घुसवलेली, त्याचं हे फळ. १९९८ च्या 'फॉलआउट २'मध्ये शेवटी ढकलायची सोय दिली. पण त्यात दुसरीच गंमत झाली. हिरोला गाडी मिळते आणि तिची डिकी गाडीपासून सुटून तुमच्या मागेमागे भलत्याच ठिकाणी हजर होते. नुसती डिकी! युरोपातल्या आवृत्तीत लहान मुलांवर हिंसा नको म्हणून मुलांची चित्रं काढून टाकली, पण मुलं तशीच राहिली. म्हणजे डेन नावाच्या गावात अदृश्य पोरं तुमचा खिसा कापतात आणि तुम्ही वेड्यासारखे चहूकडे बघत बसता. आमच्या रूमवरचा चिवडा कोण संपवतं, याचंही तेच उत्तर आम्ही मान्य करून टाकलं होतं.

'बाल्डर्स गेट' हा दुसरा छळवाद. बायोवेअरचा, १९९८ चा, पाच सीड्यांचा. आमच्याकडे चार होत्या. सहा जणांची पार्टी घेऊन फिरायचं आणि सगळे एका जागी जमल्याशिवाय गावाबाहेर पडता यायचं नाही. लग्नाला निघालेलं आपलं खटलं आणि हे, काडीचा फरक नाही. एक तयार असतो, दुसरा विहिरीमागे अडकलेला. फायरवाइन नावाच्या भुयारात वाट एका माणसापुरती आणि सहा जणांना एकाच वेळी वळायचंय! रस्ता शोधायची त्यांची अक्कल इतकी दिव्य, की पुढचा अडला की मागचा सरळ उलट्या दिशेने चालू लागायचा. त्यातले आकडे तर विचारू नका. थॅको नावाचा आकडा जितका कमी तितका लढवय्या चांगला, चिलखताचंही तसंच. अमेरिकेतल्या पोरांनाही हे डोक्यावरून जायचं म्हणे. आम्हाला एका मिनिटात कळलं. मार्क जास्त चांगले, रँक कमी चांगली. लातूरमध्ये राहत होतो राव आम्ही!

भाकरीचा पूल आणि बुद्धीचा काढा

पुढे इंजिनिअरिंगला परत नांदेडला आलो, तेव्हा हॉस्टेलवर लॅन होतं आणि या बगांची चर्चा परीक्षेपेक्षा सीरियसली व्हायची. 'डायब्लो'चा पहिला भाग आठवतोय? जमिनीवरची वस्तू उचलतानाच नेमक्या क्षणी पट्ट्यातल्या औषधाच्या बाटलीवर क्लिक केलं, की बाटलीच्या जागी त्या वस्तूची दुसरी कॉपी तयार. एका तलवारीच्या दोन, दोनाच्या चार. मग तलवारीला काय किंमत उरणार? ऑनलाइन खेळणाऱ्यांचा सगळा बाजारच त्यामुळे उठला. 'मोरोविंड'मध्ये (२००२) त्याहून सही प्रकार. काढा किती जालीम होणार हे तुमच्या बुद्धीवर ठरतं. आणि बुद्धी वाढवायचाही काढा असतो. तो बनवा, प्या. वाढलेल्या बुद्धीने अजून जालीम काढा बनवा, तोही प्या. दहा मिनिटांत तुम्ही देव. हा शोध लागला, त्या रात्री आमच्या विंगमधला एक जण हळहळत म्हणाला, "बारावीला हे पाहिजे होतं यार."

१९९६ च्या 'डॅगरफॉल'चं नाव तर इंग्रजीत लोकांनी 'बगरफॉल' करून टाकलं होतं. पंधरा हजारांच्या आसपास गावं आणि तळघरं, बहुतेक कॉम्प्युटरनेच रचलेली. एवढी जागा तपासणार कोण? चालता चालता तुम्ही फरशीतून आरपार खाली पडायचात, काळ्या पोकळीत. बेथेस्डाने तो २००९ साली फुकट वाटला आणि चाहत्यांनी नव्याने बांधलेली 'डॅगरफॉल युनिटी' २०२३ च्या शेवटी १.० ला पोचली. 'अल्टिमा ९'मध्ये (१९९९) जमिनीवर पावाचे लोफ ओळीने ठेवत समुद्रावर पूल बांधता यायचा. जिथे जायला गेमने अजून परवानगी दिली नाही, तिथेही चालत जा, भाकरीवरून! याला मी बग म्हणायला तयार नाही. २००१ च्या नव्या 'पूल ऑफ रेडियन्स'चं काय करायचं, हे मात्र मला टेस्टर म्हणूनही कळत नाही. ठरलेला फोल्डर बदलून तो इन्स्टॉल केला असेल, तर काढताना तो विंडोजच्या सिस्टिम फाइलीही पुसायचा. म्हणजे पाहुण्याने जाताना भिंत घेऊन जाण्यातला प्रकार.

माझा सगळ्यात लाडका मात्र 'व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स'. नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २'च्याच दिवशी, अर्धवट अवस्थेत बाजारात आला. एका मिशनच्या शेवटी बोटीने सुटायचं, तिथेच तो बंद पडायचा. बनवणारी ट्रॉइका कंपनी काही महिन्यांत, २००५ मध्ये बंद झाली. मग पॅच कोण काढणार? वेर्नर श्पाल नावाचा एक जर्मन केमिस्ट पुढे आला. कंपनीशी संबंध नाही, पगार नाही. तो वर्षानुवर्षं एकामागून एक अनधिकृत पॅच काढत राहिला. आज जो गेम लोक खेळतात आणि ग्रेट म्हणतात, तो बऱ्याच अंशी त्याने सांधलेला आहे. अप्रेजलच्या दिवशी मला या माणसाची फार आठवण येते.

आणि आता मुद्द्याचं. कारण मी एक खोटा बगही नोंदवलाय.

यूपीएसची शिट्टी

जानेवारी २००६. बारावीची परीक्षा महिन्यावर. लोडशेडिंगचं टाइमटेबल पेपरात छापून यायचं, पण लाइट त्याला जुमानायची नाही. 'फॉलआउट'मध्ये दहा सेव्ह स्लॉट. पहिले पाच पार्टनरचे, खालचे पाच माझे. यावेळी त्याने सगळं नीट केलं होतं. पाणीवाल्यांना पैसे दिले, दिवस मोजून वापरले, वहीच्या मागच्या पानावर हिशेब ठेवला. तो मेसला गेला होता. मी खेळत होतो आणि लाइट गेली. यूपीएस पीं पीं करायला लागला. आमचा यूपीएस फार तर दोन मिनिटं तग धरायचा. घाईघाईत सेव्ह दाबलं, एंटर, एंटर. स्क्रीन काळी व्हायच्या आत मला दिसलं, की मी त्याच्या स्लॉटवर सेव्ह केलंय. आणि जुने कंटाळून त्याने आधीच पुसले होते. तेवढा एकच होता.

रात्री लाइट आली. त्याने गेम उघडला.

"माझं सेव्ह कुठं गेलं बे?"

"कुठं म्हणजे?"

"हितं तुझं दाखवूलालंय."

"बग होता रे. लाइट गेली ना, तेव्हा मिक्स झालं. आईशप्पथ!"

तो काही बोलला नाही. आणि मी जो सुटकेचा श्वास सोडला, तो फार तर तीन दिवस टिकला. रविवारी त्याचा दादा आला. मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, फाइली आपोआप बदलतायत असं त्याला सांगितलं गेलं. दादाने ते औशाला नेलं, फॉर्मॅट मारलं आणि घरीच ठेवून घेतलं. डी ड्राइव्हवर दादाच्या साखरपुड्याचे फोटो होते. कोणाच्या तरी नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेले, दुसरी कॉपी नाही. त्यात त्यांची आजी होती. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

हे मला निकालाच्या दिवशी कळलं. त्यानेच सांगितलं, सहज, पेढा खाता खाता. मी गप्प बसलो.

आम्ही तुटलो वगैरे नाही. तो फार्मसी करून लातूरलाच राहिला, औसा रोडला त्याचं मेडिकल आहे. पण आमच्या फोनमध्ये गेम हा विषय कधी निघाला नाही. अपवाद एकदाच. एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाणी भरायच्या जागी भांडणं नकोत म्हणून मार्चपासून जमावबंदी. आणि १२ तारखेला पहाटे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी, खेपेला पंचवीस लाख लिटर. टीव्हीवर ते बघून मी फोन लावला.

"पाणीवाल्यांचा तांडा आला म्हणे."

तो खळखळून हसला. "दोन हजार दिलेत बे त्यांना. शंभर दिवस वाढले." मग आवाज उतरला. "तुला हसायला होतंय. आमच्या घरात आठ दिवसाला नळ येत नाही. आई बादलीला हात लावू देत नाही कोणाला." आम्ही अजून थोडं बोललो. तेव्हाही मी सांगितलं नाही. रांगेतल्या माणसाला आपली दहा वर्षांपूर्वीची थाप काय सांगायची, असं स्वतःला पटवलं. हेही 'वर्क्स ॲज डिझाइन्ड'च.

मालिका त्यानेही बघितली. मग फोनवर फोन. तो जुना गेम मिळेल का? मिळतो. जुने गेम आजच्या मशीनवर चालतील असे करून विकणारी 'जीओजी' ही साइट २००८ पासून आहे. मी विकत घेतला, आयुष्यात पहिल्यांदा पैसे देऊन आणि दिवाळीत नांदेडला जाताना वाट वाकडी करून लातूरला उतरलो. मेडिकल बंद करून तो रात्री दहाला घरी आला. वहिनींनी चहा ठेवला. लॅपटॉप डायनिंग टेबलवर. यावेळी सुरुवातीचा व्हिडिओ पूर्ण दिसला. १५० दिवस म्हणजे काय, ते वीस वर्षांनी रीतसर ऐकलं.

तासाभराने त्याने सेव्हची स्क्रीन उघडली. दहा स्लॉट, रिकामे. मी म्हटलं, "तुझा तो सेव्ह. बग नव्हता. मीच उडवला होता."

"ठाव हाय की," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "स्लॉटवर तुझ्या कॅरेक्टरचं नाव होतं, ठिकाण होतं. आपण अर्ध्या तासापूर्वी जिथं होतो तेच. असा बग असतो व्हय?"

"मग दादाला व्हायरस का सांगितलास?"

त्याने चहाचा घोट घेतला. "बारावी होती बे. मला सुटतच नव्हतं ते. रात्री तू झोपला की तीन-तीनपर्यंत खेळायचो. दादाला सांगितलं असतं गेम खेळतो म्हणून, तर मार खाल्ला असता. तू बग म्हणलास, मी व्हायरस म्हणलं. मशीन गेलं, सुटलो." मग थोडं थांबून, "फोटोचं ध्यानातच नव्हतं. ते मी पण दादाला आजपर्यंत सांगितलं नाही."

आतून वहिनींनी विचारलं, अजून चहा हवा का. दोघांनीही हो म्हटलं.

त्याने पहिल्या स्लॉटमध्ये सेव्ह केलं. शेडी सँड्समधून इयनला बरोबर घेतलं, एका झोपडीत शिरला, कपाट उघडून बघितलं आणि वळला. दारात इयन.

"आता ह्याला हलवायचं कसं?"

"हलत नाही तो."

"अजून पण?"

"अजून पण."